दफेदारांचा प्लास्टिकचा रिसाला

जिथे म्हणून पट्टा दिसेल तिथे दफेदार मोहिते दोन बोटं घालून बघत. टांग्याच्या घोड्याचा तंग असो, माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बांधलेली पेटी असो, की शेजारच्या सूनबाईंची माहेरी निघालेली वळकटी. तीन बोटं गेली तर म्हणत, "ढिला आहे, स्वार पडेल." एकच गेलं तर म्हणत, "जनावराला श्वास घेऊ द्या की." वळकटीला कसला श्वास, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी विचारलं. चौथीत माझी शाळा सुटली ती मास्तरांना असलंच काही विचारून, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दफेदार मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "शिर्क्या, तू रिसाल्यात असतास तर रोज लीद उचलली असतीस. पण माणूस झाला असतास."

नया बाजारात खाली माझं सायकलदुरुस्तीचं दुकान, वरच्या माडीवर दफेदार आणि काकू. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांचा घोडेस्वारांचा रिसाला मोडला. तरण्या स्वारांना मोठ्या फौजेत घेतलं, पन्नाशीला टेकलेल्यांना घरी पाठवलं, घोडे लिलावात गेले. त्या वर्षांत ग्वाल्हेरात कुणालाच चैन नव्हतं. नव्या राज्याला दोन राजधान्या, सरकार सहा महिने इथं, सहा महिने इंदूरला. कचेरीची कपाटं गाड्यांवर चढायची, उतरायची. दफेदारही तसेच, दिवसभर जिना चढायचे, उतरायचे. खाली येऊन विचारायचे, "काही खबर?" मी म्हणायचो, "कसली?" ते म्हणायचे, "तेच तर." आणि परत वर.

अशात नव्या सरकारच्या एका कचेरीत त्यांना चपराशाची जागा मिळाली. गणपती उठले की सोमवारी हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. दफेदारांनी साफ नकार दिला. "ज्या हातानं सलामीला तलवार उचलली, त्या हातानं बाबू लोकांसाठी दारावरचा चिकाचा पडदा उचलू? बिलकुल नाही."

काकू आतून म्हणाल्या, "मग सोमवारी चुलीवर काय ठेवू? तलवार? तीसुद्धा जमा करून आलात."

काकूंचा भाऊ जहाजावर नोकरीला होता. त्यानं त्या वर्षी गणपतीच्या आराशीसाठी विलायती खोका आणला. आत प्लास्टिकचे घोडेस्वार, पण तुकड्यातुकड्यांत. अर्धा घोडा इकडे, अर्धा तिकडे, पाय, मुंडकी, तलवारी, सगळं एका जाळीला देठांनी लटकलेलं. प्लास्टिक म्हणजे काय ते आमच्या गल्लीत धड कुणाला ठाऊक नव्हतं. दफेदारांनी एक तुकडा दातांखाली धरून पाहिला आणि म्हणाले, "हाड नाही, लाकूड नाही. बेवारस आहे."

तरी माणूस पहिल्यांदाच कुठेतरी दोन घटका टेकला. मी दुकानातून कानस आणि चिमटा नेला. जोडायला माझं पंक्चरचं सुलेशन लावून बघितलं, ते काही धरेना. मग खोक्यातल्या नळीतलं औषध लावलं. त्याच्या वासानं डोकं भणभणलं, पण घोड्याचे दोन अर्धे असे बसले की सांधा सापडेना. दफेदार प्रत्येक घोडा चारी पायांवर उभा करून लांबून न्याहाळत. एकाची मान त्यांना पसंत नव्हती. "हा चावरा निघणार."

मग मी एक स्वार उचलून त्याच्या बुडाला औषध लावायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय करतोस?"

"खोगिरावर चिकटवतो."

"स्वार चिकटवतात? स्वार बसतो, मांडीच्या जोरावर. उद्या उतरला नाही तर घोड्याला पाणी कोण दाखवेल? तू?"

खोक्यावरच्या चित्रात स्वार चिकटवलेला होता, हे मी बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांचे लोक घोड्यावरच झोपत असतील." मीही कमी हट्टी नाही, अर्धा दिवस भांडलो. पण स्वार नुसते ठेवले गेले.

पहिल्याच आरतीला व्हायचं तेच झालं. झांजा वाजल्या, टाळ्या पडल्या, फळी हादरली आणि स्वार एकामागून एक खाली. शेजारचे जोशीबुवा आरती म्हणता म्हणता हसले. "दफेदार, तुमची फौज लढाईआधीच गारद की हो."

"घोडे उभे आहेत ना?" दफेदार म्हणाले. "घोडा उभा असला की झालं. स्वार उतरतो, पुन्हा चढतो. त्यात कसली लाज?"

काकू तबक घेऊन उभ्या होत्या. आरती सगळ्यांसमोर फिरवत त्या दफेदारांपर्यंत आल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "हे त्या प्लास्टिकच्याला कळतं. तुम्हालाच कुणी औषध लावून बसवलंय."

दफेदारांनी आरतीवर हात फिरवून डोळ्यांना लावले. मग खाली बसून एकेक स्वार उचलून पुन्हा खोगिरावर ठेवायला लागले. प्रसाद वाटून झाला, लोक गेले, तरी त्यांचं चालूच होतं. मला वाटलं, आता हा माणूस काकूंशी महिनाभर बोलणार नाही.

सोमवारी मी दुकान उघडत होतो तर ते जिना उतरून आले. कोट घातलेला, मिशीला तेल. मी म्हटलं, "कुठं?" म्हणाले, "हजेरीला." आणि थाटीपुराच्या, कचेरीच्या रस्त्यानं निघाले. टांगा करून देतो म्हटलं तर हातानंच नको केलं.

पुढे राज्यांची पुन्हा उलटापालट झाली, राजधानी भोपाळला गेली आणि त्यांची कचेरीही. मला म्हणाले, "चल, तिथंही सायकली मोडत असतील." मी म्हटलं, "मोडल्या तर इथं आणून द्या." मी ग्वाल्हेर सोडलं नाही, सोडणारही नाही. गाडीत चढताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

ते वारल्यावर त्यांच्या दिवसांना मी भोपाळला गेलो. काकूंना घेऊन कचेरीत त्यांचं राहिलेलं सामान आणायला गेलो तेव्हा हेडबाबूनं साहेबांच्या दाराशी ठेवलेलं त्यांचं स्टूल दाखवलं. सरकारी, हिरव्या रंगाचं. बाकी दारांवरच्या स्टुलांचा रंग बसून बसून उडाला होता, लाकूड पांढरं पडलं होतं. ह्याचा रंग जसाच्या तसा.

"बाबा कभी बैठे ही नहीं," हेडबाबू म्हणाला. "हमने कितना कहा. कहते थे, पहरे पर हूँ."

काकूंनी पदरानं ते स्टूल पुसलं. धूळ तेवढी होती.