आकाश कुठल्या सातबाऱ्यावर?

टिटवाळ्याला एका बिल्डरच्या ऑफिसात मी फ्लॅट विकायचो. आमच्या नव्या इमारतीचा एकेक स्लॅब भरला की मागच्या चाळीतले एक म्हातारे गृहस्थ तणतणत यायचे आणि छत्रीचा दांडा टेबलावर आपटायचे. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती. पडल्या पडल्या तिला खिडकीतून ढगांत हत्ती दिसायचे, उंट दिसायचे, आणि ते चहा पाजायला बसले की ती दिवसभराची जनावरं त्यांना सांगायची.

सातव्या स्लॅबला खिडकीतलं आकाश संपलं.

"आता ती भिंतीकडे तोंड करून पडते. बोलत नाही!" ते ओरडले.

"काका, सगळ्या परवानग्या आहेत आमच्याकडे."

"जमीन घेतलीत रे तुम्ही! आकाश कुठल्या सातबाऱ्यावर चढवलंत?"

साहेबांनी आतून खूण केली. वॉचमनने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. पायरीवर त्यांची चप्पल निसटली, तरी ते ओरडतच होते. मी जागचा हललो नाही, याचा मला आजही संताप येतो.

अर्ध्या तासाने एक जोडपं आलं. त्यांना मी अर्धवट बांधलेल्या सातव्या मजल्यावर नेलं आणि म्हणालो, "बघा मॅडम, इथून कायम मोकळं आकाश."