कोड्यातलं चौथं नाव

व्हर्ना टॉलेफसनबाईंनी आम्हाला शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर मिनेसोटातल्या आमच्या छोट्या पेपरचं शनिवारचं शब्दकोडं त्याच रचायच्या. मी संपादक, तरी ओरडा मीच खायचो.

मार्चअखेरच्या कोड्याला त्यांनी विषय घेतला : आमच्या गोठलेल्या तळ्यावर बर्फ फुटून गाडीसकट बुडालेली माणसं. कोड्याची चौकट उलटी धरली तरी तशीच दिसायला हवी, म्हणून वरच्या प्रत्येक नावाला खाली तेवढ्याच इंग्रजी अक्षरांची जोडी लागते. तीन नावं बुडालेल्यांची होती. चौथं, त्यांतल्याच रॉय लिंडग्रेनच्या जोडीला, आर्लो नीगार्ड.

मी भडकलो. "बाई, आर्लो जिवंत आहे! सकाळीच माझ्याशेजारी बसून कॉफी प्यायला!"

"आणि अजून ट्रक घेऊन बर्फावर मासे धरायला जातोय. बर्फ काळा पडलाय, आतून विरघळलाय, सांगून सांगून तोंड दुखलं माझं. म्हणतो, 'बाई, तुम्ही कोडी घाला, मासे मी बघतो.' शनिवारी कोडं सोडवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही ना तो? मग भरू दे स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने."

छापू की नको करत मी घोळ घातला. शेवटी छापलं, पण अंक दोन तास उशिरा निघाला.

शनिवारी सकाळी मी धावतच आर्लोच्या घरी गेलो. अंक पायरीवर प्लॅस्टिकच्या पिशवीतच, न उघडलेला पडला होता. अंगणातून ट्रकच्या चाकांच्या ताज्या खुणा तळ्याकडे गेल्या होत्या. परतीच्या खुणा नव्हत्या.