ह्यांच्या नावाची ज्वारी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मुलाजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवापुढे हात जोडल्यावरसुद्धा नाही — तिथे मी भलतंच काहीतरी बोलते आणि उठते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच कारण आहे. त्याहून मोठं शोधू नका.

सुरुवात कबुतरांपासून करावी लागेल. म्हणजे — कबुतरांचं यात काही चुकलं नाही. दाणे टाकले की ती येणारच.

कर्वेनगरात आमची बंगल्यांची एक ओळ आहे. बंगले आपलं म्हणायचं. दोन घरांना मिळून एकच भिंत, आणि दोन गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढा कठडा. आजूबाजूला बिल्डरांनी एकेक घर पाडून इमारती उठवल्या, आमची ओळ तेवढी राहिली. हे बँकेत होते, त्या पगारातून घर झालं. मी टेलिफोन खात्यात. अर्धं आयुष्य लोकांचे ट्रंककॉल जोडून देण्यात गेलं. पुढे हिंजवडी उभी राहिली, आमचा निखिल तिथे लागला, तिथून अमेरिकेला गेला, आणि मी रविवारच्या फोनची वाट बघणारी झाले. हे गेले त्यानंतर. दमा होता, शेवटी श्वासानेच नेलं.

त्यानंतर शेजारचं घर विकलं गेलं आणि शैलाताई राहायला आल्या. शाळेत शिक्षिका. त्यांचेही यजमान लवकर गेलेले. एकच मुलगी, अश्विनी, तीही हिंजवडीत कॉम्प्युटरवर. म्हणजे बघा — दोन बायका, दोघी एकट्या, दोघींचं एकेक मूल आयटीत. मला वाटलं, चला, आपल्यासारखंच कुणीतरी आलं.

आणि मग अश्विनीने नोकरी सोडली.

सोलरचं काम करायचं म्हणाली. घरांच्या गच्चीवर पॅनेल बसवून द्यायची, आणि पहिली बसवली ती स्वतःच्याच गच्चीवर. लोकांना दाखवायला नमुना म्हणून. शैलाताई सुरुवातीला धास्तावल्या होत्या, पण पहिलं बिल आलं आणि त्यांचा नूरच पालटला. ते बिल त्यांनी मला प्रगतिपुस्तक दाखवावं तसं दाखवलं. “विद्याताई, बघा, आपण वीज मंडळाला वीज देतोय! आहे की नाही कलियुग?” मी म्हटलं, “वा.” पुण्यात ‘वा’चे बरेच अर्थ होतात. त्यांना चांगला तेवढा कळला.

तुम्हाला वाटेल, बिलाचा मत्सर वाटला. छे. माझ्या एकटीचं बिल ते किती! शिवाय निखिलला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, “आई, तूही बसवून घे ना, मी पैसे पाठवतो.” झालं. विषय संपला. नेट बरोबर नाही म्हणून फोनही संपला.

मला खुपायची ती सकाळ. रोज सकाळी त्या दोघी पॅनेल पुसायला गच्चीवर यायच्या. एक पाणी टाकणार, दुसरी लांब दांड्याच्या पुसणीने ओढणार. “आई, कोपरा राहिला.” “तुझ्या डोळ्यांत कोपरा आहे, नीट बघ.” आणि हसणं. मी इकडे खाली स्वयंपाकघरात एका माणसाचा चहा उकळत असायचे, आणि ते हसणं खिडकीतून आत यायचं. रोज. मला पॅनेल नको होती हो. मला ती सकाळ हवी होती. आणि माझी नाही तर नाही — त्यांचीही नको, असं मला वाटायला लागलं. हे वाटणं एका दिवसात आलं नाही. पण आल्यावर गेलंही नाही.

अश्विनीचा माझ्यावर जीव. एकदा कठड्याशी उभं राहून तिने मला सगळं समजावून सांगितलं होतं. “काकू, गणपतीला बुधवार पेठेत दिव्यांच्या त्या जुन्या माळा मिळायच्या, आठवतं? एक दिवा गेला की अख्खी माळ बंद? हे अगदी तसं नाही, पण जवळपास तसंच. एका पॅनेलवर घाण साचली की सगळी ओळ मंदावते. म्हणून आमचा खरा शत्रू कोण सांगू? कबूतर!” ती हसली. मीही हसले.

पुढच्या आठवड्यात मी वाण्याकडून ज्वारी आणली. त्याने विचारलं, “भाकरीला की पाखरांना?” मी म्हटलं, “पाखरांना.” तो म्हणाला, “पुण्य आहे काकू.” मी मान डोलावली. काय करणार होते?

माझ्याच गच्चीवर, माझ्याच हाताने, कठड्याच्या कडेकडेने टाकायची. बस. आणखी काही करावं लागलं नाही. थोड्याच दिवसांत कबुतरांनी दोन्ही गच्च्या आपल्या मानल्या. पॅनेलवर बसायची, शिटायची, पॅनेलखालच्या सावलीत काड्या आणून घरटी करायची. त्या दोघींचं सकाळचं पुसणं वाढलं, हसणं कमी झालं. सगळं माझ्या डोळ्यांदेखत होत होतं, उजेडात, आणि कुणालाही दिसत नव्हतं. दाणे टाकणाऱ्या बाईला कोण काय बोलणार?

एकदा अश्विनी बोलली. फार जपून. “काकू, रागावू नका हं. दाणे खाली झाडाजवळ टाकले तर चालेल का?”

आता सांगते. इथेच थांबावंसं वाटतं, पण सांगते.

मी म्हटलं, “अगं, ह्यांना पाखरांचं फार होतं. रोज गच्चीवर स्वतःच्या हाताने घालायचे. आता मी ह्यांच्या नावाने घालते. तेवढंच उरलंय बघ माझ्याकडे.” आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं का? मला अजून ठरवता येत नाही.

ह्यांना कबुतरं सहन होत नसत. घरात सगळ्यांत जास्त चीड त्यांनाच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या पक्ष्यांपासून लांब राहा, छातीला वाईट. काठीला लाल फडकं बांधून ते गच्चीवर हाकत बसायचे. “ही पाखरं नव्हेत विद्या, भाडं न देणारे भाडेकरू आहेत,” म्हणायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीला त्यांनी स्वतः तारेची जाळी ठोकली, खोकत खोकत. त्या माणसाच्या नावाने मी कबुतरं पोसली. शैलाताईंनी आणि अश्विनीने ह्यांना पाहिलेलंच नव्हतं, हॉलमधला फोटो तेवढा पाहिला होता. त्यामुळे खोटं पडायची भीती नव्हती. गेलेला माणूस थोडाच उठून सांगणार होता?

अश्विनीने माझा हात धरला. “सॉरी काकू, मला माहीत नव्हतं,” म्हणाली. परत कधी तो विषय काढला नाही.

एवढ्यावर थांबले असते तर निदान — नाही, तसंही म्हणत नाही. थांबले नाही हे खरं.

उन्हाळा आला. खडकवासल्यात पाणी कमी, म्हणून महापालिकेने कपात लावली. पॅनेल धुवायला पाणी पुरेना. त्याच दिवसांत अश्विनीला एका मोठ्या सोसायटीचं काम मिळायची चिन्हं दिसत होती. पाहणीला लोक रविवारी येणार होते. तिने मला सगळं सांगितलं होतं, मला सगळंच सांगायची. आईला तिने शब्द दिला होता : या वर्षात एक मोठं काम मिळालं तर इथेच राहायचं, नाहीतर बंगलोरची नोकरी धरायची. “हे झालं ना काकू, तर मी कुठ्ठे जात नाही.”

म्हणजे मला माहीत होतं. काय पणाला लागलंय ते पूर्ण माहीत होतं.

त्या आठवड्यात ह्यांची तिथी आली. सकाळीच अश्विनी दारात, हातात पिशवी. “काकू, आज काकांची तिथी ना? आई म्हणाली. ही ज्वारी. पाखरांसाठी.” चांगली टपोरी, निवडलेली ज्वारी होती. ती पिशवी हातात घेताना मी काय केलं असेल? मी म्हटलं, “शहाणी गं माझी.”

रविवारी उजाडताच मी तीच ज्वारी टाकली. सगळी.

थोड्या वेळाने कठड्यापलीकडून हाक आली. “काकू, आमची टाकी रिकामी झाली हो. दोन बादल्या पाणी मिळेल? लोक येतील आता.” मी म्हटलं, “माझ्याकडे तरी कुठलं गं.” माझी टाकी भरलेली होती. मी ती आदल्या दिवशी स्वतः भरून घेतली होती.

ते लोक आले. मी वाळत घातलेल्या साडीमागे उभी होते. चेअरमननी पॅनेलकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, हे सोलर आहे की कबुतरखाना?” दुसरा म्हणाला, “नाही हो, खताचा प्रकल्प असेल. जोडधंदा.” सगळे हसले. अश्विनी मोबाइलवर आकडे दाखवायला गेली, पण त्या दिवशीचे आकडेही पडलेलेच होते. चहा झाला. “कळवतो,” म्हणाले. पुण्यात ‘कळवतो’ म्हणजे काय ते तिलाही ठाऊक होतं.

जायच्या आधी ती निरोप घ्यायला आली. म्हणाली, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं काकू. पॅनेलभोवती जाळी मीच आधी बसवायला हवी होती.” बंगलोर, आणि तिथून वर्षभरात जर्मनी.

मला वाईट वाटलं असं सांगणार होते. पण आता खरंच बोलायचं तर — मला बरं वाटलं. भिंतीच्या पलीकडेही आता एकाच माणसाचा चहा उकळत होता. रविवारी त्यांचाही फोन वाजायचा आणि माझाही. काही आठवडे मला छान झोप लागली. हे सगळ्यांत वाईट आहे ना? ज्वारीपेक्षा, पाण्यापेक्षा?

नंतर मी दाणे टाकणं बंद केलं. कशाला टाकू? काम झालं होतं. शैलाताईंनी विचारलं तेव्हा गुडघ्यांवर ढकललं, जिना चढवत नाही म्हटलं. त्यांनी ते अश्विनीला फोनवर सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः टाकायला लागल्या. आपल्या गच्चीवर, आपल्याच पॅनेलपाशी. अश्विनीने बजावलंय म्हणे, काकूंचा नेम मोडू देऊ नकोस. पॅनेल आता एकटीने धुवून होत नाहीत, पांढरी पडलीत. बिल परत येतं पहिल्यासारखं. त्या त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

रोज सकाळी वरून पंखांची फडफड ऐकू येते. मग शैलाताई गच्चीच्या कडेवरून वाकून खाली आवाज देतात, “विद्याताई, भाऊंच्या नावाचे दाणे टाकून झाले हो आजचे.”

स्वयंपाकघराच्या खिडकीला ह्यांनी ठोकलेली जाळी अजून आहे. मी जाळीच्या आतून म्हणते, “बरं.”