समुद्रावर गोजरबाई

आमच्या सासूबाई, गोजरबाई, पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरून बघतात, मगच तोंडाला लावतात. मग तो पोटच्या लेकीनं दिलेला असो नाहीतर देवळातल्या पुजाऱ्यानं. दवाखान्यात सुईचं पाकीट डोळ्यांदेखत फोडल्याशिवाय दंड पुढं करत नाहीत. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण माझी चौकशी अजून चालूच असावी, असा माझा अंदाज आहे.

मी त्यांना मामी म्हणतो. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात त्या सुकट-बोंबील विकतात. प्रत्येक पोत्यातला मासा आधी नाकाला लावायचा, तुकडा दातानं तोडायचा, वाळू कचकचली तर तिथंच थुंकायचं. बाईचा कुणावर विश्वास नाही म्हणूनच गिऱ्हाइकाचा बाईवर विश्वास. माल आणायचा बन्सी, तिथलाच टेम्पोवाला. घाट उतरून कोकणातून पोती भरून आणायचा आणि यांना मावशी म्हणायचा.

गेल्या वर्षी तो अर्धंच पोतं घेऊन आला. म्हणाला, "मावशी, आता ह्यापुढं न्हाई. तिकडं वाळवनंच बंद झाली."

मामी भर बाजारात कडाडल्या, "का रं, समुद्र आटला का? चांगला माल साळूला दिला आन गाळ माझ्या बोडक्यावर घालतो व्हय? ने तो तिलाच!" साळूबाई म्हणजे समोरच्या ओळीत बसणारी दुसरी विक्रेती. बन्सीनं मुकाट पोतं उचललं. ते साळूबाईनं घेतलं आणि मामींचा संशय तिथंच पक्का झाला. तेव्हापासून त्या कुठून कुठून हलका माल आणत होत्या. जुनी गिऱ्हाइकं वास घेऊन पुढं सरकत होती. ओटा बंद करायची वेळ येणार, ही धास्ती त्यांच्या तोंडावर दिसायची, पण बोलून दाखवतील तर शपथ.

त्यामुळं ज्योतीनं, माझ्या बायकोनं, शनिवार-रविवार समुद्रावर जायचं काढलं आणि मामी चक्क बाजार बुडवून यायला तयार झाल्या, तेव्हा संशय घ्यायची पाळी माझ्यावर आली. "आडबंदरलाच जाऊ," हेही त्यांनीच सुचवलं. मोबाईलवर बघितलं तर गाव झकास होतं. गर्दी नाही, गोंगाट नाही. एका पाहुण्यानं तर लिहिलं होतं, मासळीचा वाससुद्धा नाही. मी ताबडतोब खोल्या ठरवल्या.

ताम्हिणी घाट उतरताना उलगडा झाला. बन्सी माल आणायचा तो याच गावाहून. "त्याला खोटं पाडनार हाय मी," मामी मागच्या सीटवरून म्हणाल्या. मांडीवरची पिशवी त्यांनी घट्ट धरली होती.

आडबंदरला खोलीच्या दाराला कुलूपच नव्हतं. "कुलूप न्हाई म्हंजे सगळं गावच सामील आसनार," मामींनी निकाल दिला. घरमालकिणीनं शहाळी आणली, तर त्यांनी आधी मला प्यायला लावलं. मी जिवंत राहिलो, तरी त्या प्यायल्या नाहीत.

संध्याकाळी ज्योती लाटांत पाय भिजवून लहान पोरीसारखी ओरडत होती. मामी जन्मात पहिल्यांदा समुद्रावर आलेल्या, आणि समुद्राकडं पाठ करून वाळू तपासत होत्या. वाळूत ओळीनं खड्डे होते. काहींत बांबूंची मोडकी बुडं राहिली होती.

"हितंच बोंबील वाळवत हुते," त्या हळूच म्हणाल्या. "आपुन येनार हे कळलं आसल, म्हून उपटलं." मी हात टेकले.

जेवताना घरमालकीण अवघडून म्हणाली, "आजी, राग मानू नका, पण ती पिशवी बाहेर ठेवाल का? शेजारच्या खोलीतले पाहुणे वासाची तक्रार करतायत."

मामींनी पिशवीतली कागदाची पुडी काढून तिच्यापुढं आपटली. आत बन्सीनं पूर्वी आणलेल्या मालातले चार बोंबील होते, नमुन्याला जपून ठेवलेले. "बोंबलाचा वास, आन समुद्राच्या गावाला सोसंना?"

बाईनं एक बोंबील उचलून नाकाशी नेला आणि ती तिथंच खाली बसली. "हे आमचेच आहेत हो. पाहुणे यायला लागले, त्यांना वास नको. गावानं ठरवून बांबू उपटले. मीही हात वर केला होता. तुमच्याकडचे एक बन्सीभाऊ यायचे टेम्पो घेऊन. शेवटच्या खेपेला घरोघर हिंडले बिचारे. घाटावर आमची मावशी आहे, तिचा ओटा मोडेल, म्हणत होते. आम्ही घरात खायला ठेवलेले डब्यांतून काढून दिले, तेव्हा कुठं अर्धं पोतं भरलं."

तेच अर्धं पोतं मामींनी भर बाजारात परत पाठवलं होतं. मला मोबाईलवर वाचलेलं वास नसलेल्या गावाचं कौतुक आठवलं. मामी ताटावरून उठल्या. रविवारी सकाळी त्या पाण्याकडं तोंड करून बसल्या होत्या. ज्योती जवळ गेली, तर म्हणाल्या, "घरी चला."

काष्टीत शिरताच त्यांनी गाडी बन्सीच्या दारात घ्यायला लावली. बन्सी बाहेर आला, पण उंबऱ्यातच उभा राहिला.

"मावशी, आता आनखी काय राहिलं?" आमच्या तिघांवरून त्याची नजर फिरली. आता संशय त्याच्या डोळ्यांत होता.

त्याच्या बायकोनं पाणी आणलं. मामींनी पेला घेतला आणि उजेडाकडं न धरता घटाघटा रिकामा केला. ज्योतीनं माझा हात दाबला.

"आडबंदरला गेल्ते मी," मामी म्हणाल्या. "तू दारोदार फिरून आनलंस आन मी चार लोकांत तुझी अब्रू काढली. चुकलं माझं, बन्सी. लई चुकलं."

बन्सी म्हणाला, "पोतं फेकवंना, म्हून साळूबाईला दिलं मावशी. दुसरं काय न्हवतं."

"व्हय." मामींनी रिकामा पेला त्याच्या हातात दिला. "बोंबील तर संपले. आता शनिवारी तू दुसरं जे आनशील ते मांडते. वाससुद्धा घेनार न्हाई."