पिस्तूल बघायला गेले तेव्हा

परवाना हातात आला तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला रागच आला. अर्ज केला तेव्हा जिवाला खरंच धोका होता. जासईच्या बाजूला आमचं छोटं कंटेनर यार्ड आहे, म्हणजे जागा भाड्याची, क्रेन हप्त्यावरची आणि डोकेदुखी माझी. आमचेच ट्रेलर लावा म्हणून एका टोळक्याने तगादा लावला होता. मी नाही म्हटलं. तर हे लोक माझ्या गाडीच्या मागे मागे फिरायला लागले, एकदा तर पार कामोठ्याला आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत आले. मग तक्रार, अर्ज, चौकशी. पोलीस शेजाऱ्यांना विचारून गेले, बाई कशा आहेत म्हणून. शेजारी काय सांगणार? तापट आहेत पण मनाने चांगल्या आहेत, असंच सांगितलं असणार. हे सगळं होईस्तोवर त्या टोळक्याचा म्होरक्या भलत्याच प्रकरणात आत गेला, बाकीचे पांगले, आणि मग आला परवाना. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

त्यात पुन्हा मुदत. अमुक तारखेच्या आत हत्यार घ्या, नाहीतर मुदतवाढ मागा. धोका गेला, मग घेऊच नकोस, असं कुणीही म्हणेल. आमचे हे तेच म्हणाले. हे नोकरीतून निवृत्त झालेत, शांत माणूस, दर रविवारी विहारात वंदनेला जाणारे. मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, बघू म्हणजे काय? मी म्हटलं, बघू म्हणजे बघू. मग आमचं रीतसर भांडण झालं. आमच्याकडे कुठलाही निर्णय भांडल्याशिवाय होत नाही, लग्नाची तारीखसुद्धा तशीच ठरली होती.

खरं कारण मी यांना सांगितलं नव्हतं, कारण ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. मराठवाड्यातल्या आमच्या गावात एकच बंदूक होती, पाटलाची. पाटील शिकारीला निघाला की माझा बाप मागून काडतुसांची पिशवी घेऊन चालायचा. पिशवी वाहायची, बंदुकीला हात लावायचा नाही. बाप हे आम्हाला हसत सांगायचा, आणि त्याच्या त्या हसण्याचा मला भयंकर राग यायचा. आता बाप नाही. पण परवान्यावर माझा फोटो, माझं नाव आणि त्याला जोडून बापाचं नाव दिसलं तेव्हा मी सरकारी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले, खोटं कशाला बोलू. आमच्या अख्ख्या भावकीतला हा पहिला परवाना. तो नुसता फाइलला लावून ठेवायचा?

मुंबईतल्या दुकानदाराने आपल्याकडच्या कारखान्यातली नवीकोरी पिस्तुलं दाखवली. ठीक होती. एकही मनात भरलं नाही. मग तो जरा पुढे झुकून म्हणाला, मॅडम, एक जुना पीस आहे. बेल्जियमचा, बत्तीस बोअर, सेमी-ऑटोमॅटिक. असले आता बाहेरून येत नाहीत, ज्याच्याकडे आहे त्याने विकला तरच मिळतो. मालक खारघरचे, बंदरातले निवृत्त इंजिनियर. पण त्यांची अट आहे, घेणाऱ्याला आधी घरी बघणार, बोलणार, मगच देणार. मी म्हटलं, स्थळ आहे की काय? तो म्हणाला, तसंच समजा.

यार्डाला सुट्टी दसऱ्याची, म्हणून मी दसऱ्याची दुपार सांगून टाकली. आता घोळ बघा. आमचा दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढरी साडी नेसून विहारात गेले, सगळ्यांबरोबर पंचशील घेतलं. पहिलंच शील, प्राणिहत्येपासून अलिप्त राहीन. मग भाषण झालं की कलिंगाच्या लढाईनंतर सम्राटाने शस्त्र खाली ठेवलं, त्याचा आजचा दिवस. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. बाहेर आल्यावर हे म्हणाले, चल घरी. मी म्हटलं, मला खारघरला जायचंय, पिस्तूल बघायला. यांनी माझ्याकडे असं बघितलं की तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. वर्षाचे एवढे दिवस सोडून मी नेमका हाच धरला होता. पण तिकडे पिस्तुलाच्या मालकांना, त्या म्हातारबांना, वेळ दिलेली. फोन करून काय सांगणार, आज आम्ही शस्त्र टाकतो, उद्या बघायला येते? गेले तशीच.

दाराला झेंडूचं तोरण. आत हॉलमध्ये पाटावर पिस्तूल मांडलेलं, बाजूला पान्हे, पकड, इंजिनियर लोकांची ती मोजायची कंपास, सगळ्यांना फुलं वाहिलेली. त्यांच्याकडे शस्त्रपूजा म्हणजे ही. म्हातारबा जुना टूथब्रश घेऊन पिस्तुलाच्या खाचांतलं कुंकू काढत बसले होते. म्हणाले, ही दरवर्षी भरपूर कुंकू लावते आणि मी दरवर्षी ब्रशने काढतो, तेलात कालवलं की चिकटून बसतं. ही म्हणजे त्यांची बायको, सोफ्यावर बसलेली, नीटनेटकी, हसतमुख. तिने मला विचारलं, तुम्ही नर्स का? मी म्हटलं, नाही हो, पाहुणी. थोड्या वेळाने परत तेच. माझ्या पांढऱ्या साडीचा परिणाम, असं मला आधी वाटलं.

म्हातारबांनी मॅगझिन काढून पाटावर ठेवलं, वरचा भाग मागे ओढून आत रिकामं असल्याचं मला दाखवलं, आणि मग माझ्या हातात दिलं. काय सांगू. काळसर निळं पोलाद, कडांना घासून चांदीसारखं झालेलं, मुठीला लाकूड. लहानसं, पण वजनदार. मी प्रेमात पडले, सरळ. त्या क्षणी पहिलं शील आठवलं नाही की यांचा चेहरा आठवला नाही. बाप आठवला.

मग माझी परीक्षा. घरात कोण कोण? कपाट कसलं, किल्ली कुणाकडे? शेवटी विचारलं, राग येतो का? मी म्हटलं, येतो, पण टिकत नाही. त्यांनी नुसता ब्रश झटकला. मला जरा लागलंच ते. मग मीही विचारलं, एवढं जपलेलं तुम्ही विकताय का?

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती झेंडूच्या पाकळ्या सोडवत बसली होती. मला बाल्कनीत नेऊन त्यांनी सांगितलं की ती विसरत चाललीय. उन्हाळ्यात एकदा दुपारी ते पिस्तूल साफ करत होते, तेवढ्यात बेल वाजली. पार्सल घेऊन परत आले तर ही समोर उभी, दोन्ही हातांत पिस्तूल, त्यांच्या छातीवर रोखलेलं. कोण तुम्ही, माझ्या घरात कसे शिरलात, म्हणून विचारत होती.

"रिकामं होतं," म्हातारबा म्हणाले. "मीच रिकामं केलं होतं. तरी मी हात वर केले."

मग तिने ते खाली ठेवलं आणि चहा मागितला. तिच्या लेखी तिथे विषय संपला. म्हातारबांनी त्या दिवसापासून पिस्तूल कुलपात टाकलं, किल्ली गळ्यात घातली, आज पूजेसाठी आणि माझ्यासाठी तेवढं बाहेर काढलं. पण कुलपाने काही फरक पडला नाही. जन्मभर भांडत आलो होतो हो आम्ही, म्हणाले, चहातल्या साखरेवरून, पंख्यावरून. आता ती काहीही बोलली तरी मी बरं म्हणतो. दुकानात जमा करता येईल, पण तिथे ते कुणाचंच नसणार. कुणीतरी धड माणसाने नेलं तर मी सुटेन. आठवड्याभरात काय ते सांगा, म्हणाले.

परत येताना डोक्याचं नुसतं दही झालं. नाही म्हटलं तर ते पिस्तूल त्या दोघांच्या घरात राहणार. हो म्हटलं तर माझ्या. आणि मला ते हवंही होतं, ही वेगळीच पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सिग्नलला ठरवायचं घ्यायचं, पुढच्या सिग्नलला नाही.

घरी यांना बापाची सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. पिशवीची, हसण्याची. म्हातारबांच्या घरचं मात्र काही सांगितलं नाही, ते दुसऱ्याच्या घरातलं होतं. मी भांडणाच्या तयारीने बसले होते, सगळे मुद्दे पाठ. हे म्हणाले, घे मग. मी आडवा येणार नाही.

झालं. मला वाटलं होतं आनंद होईल. पण दुसऱ्या दिवशी भाजी खारट झाली तरी यांनी ती मुकाट खाल्ली. मी टीव्हीचा आवाज मोठा ठेवला, हे उठून आत गेले. मी मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकला, ज्याच्यावरून आमची अनेक वर्षं महायुद्धं झालीत, तर यांनी तो उचलून वाळत घातला. आठवडा संपत आला तरी तेच, बरं आणि चालेल, चालेल आणि बरं. शेवटी मीच तडकले. म्हटलं, तुमचं झालंय काय? तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?

हे म्हणाले, "सवय करतोय. उद्या ते कपाटात असणार. तू काही करणार नाहीस, मला माहितीय. पण मी आधी कपाटाकडे बघणार आणि मग बोलणार."

पिस्तूल अजून घरात आलंही नव्हतं, आणि माझ्या नवऱ्याने हात वर केले होते. मला इतकी भीती त्या टोळक्याची कधी वाटली नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅसपाशी नुसतीच उभी राहिले, मग म्हातारबांना फोन लावला. माझ्याच्याने नाही होणार, म्हटलं. ते म्हणाले की दुकानात जमा करून टाकतो, पण तिला एकटीला सोडून मुंबईला जाऊ कसा? मी म्हटलं, दोघं तयार राहा, मी गाडी आणते.

मी बरोबर केलं का? मला अजून कळलेलं नाही. परवान्याची मुदत वाढवून मिळावी म्हणून मी अर्ज करून ठेवलाय. का केला, विचारू नका. बापाचं नाव असलेला कागद मला रद्द होऊ द्यायचा नाही, एवढंच सांगता येतं. हे म्हणतात मग त्याचं लोणचं घाल, आणि हे असं काही बोलले की आता मला बरं वाटतं.

दोघांना घेऊन गेले त्या दिवशी दुकानात सगळे सोपस्कार झाले. म्हातारबांनी पिस्तूल काउंटरवर ठेवलं, पावती खिशात घातली आणि एकदाही मागे न बघता बाहेर आले. परतीला दोघं मागच्या सीटवर बसली. खाडीपूल ओलांडला. मग म्हातारीने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हा शर्ट कशाला घातलात? भिकाऱ्यासारखे दिसताय."

मी आरशात बघितलं. म्हातारबांचं तोंड 'बरं' म्हणायला उघडलं, तसंच राहिलं. मग त्यांनी बाहेर बघितलं, परत तिच्याकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाले, "मला आवडतो. तुला काय करायचंय?"

म्हातारी चिडली. त्यांच्या सगळ्या शर्टांचा उद्धार झाला, मग त्यांच्या बहिणीचा, मग त्यांच्या घोरण्याचा. तेही एकेक उत्तर देत होते, आवाज चढवून. मला पुढचा रस्ता दिसेना झाला, म्हणून मी गाडी बाजूला घेतली.