शेवडे मास्तरांचं कार्ड

पालीच्या शाळेतले शेवडे मास्तर सहा वर्षं उभ्यानंच शिकवत होते. लोक म्हणत, केवढी ही निष्ठा! निष्ठा कसली, मास्तरांना भगंदर होतं. शेवटी रत्नागिरीच्या डॉक्टर सोहनींनी ऑपरेशन केलं आणि बजावलं, "मास्तर, मी ही नवी पद्धत तपासून बघतोय. सहा महिन्यांनी कसं वाटतंय ते खरंखरं कळवा."

सहा महिन्यांत दुखणं परत आलं. पण कळवायचं कसं? पालीत टाकलेलं कार्ड पोस्टमास्तरांच्या ओटीवर सगळ्यांचं वाचून झाल्याशिवाय गाव सोडत नसे. मास्तरांनी लिहून टाकलं, "प्रकृती ठणठणीत."

आठवड्याभरात शेजारचा विठू दारात हजर. "मास्तर, तुमचा कार्ड ऐकला नि मी पन नाव दिलाय. माजा पन ताच दुखना. उद्या कापतत."

सकाळी मास्तर त्याच्याबरोबरच डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि भरल्या ओसरीत म्हणाले, "डॉक्टर, मी खोटं लिहिलं. दुखणं तसंच आहे. आमच्याकडे कार्ड आधी पोस्टमास्तरांच्या ओटीवर वाचतात, लाज वाटली हो."

डॉक्टरांनी विठूचं ऑपरेशन थांबवलं. मग कपाटातून आजवरच्या रोग्यांची बावीस कार्डं काढून टेबलावर मांडली. सगळेच ठणठणीत.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "यातली मला लिहिलेली किती, आणि पोस्टमास्तरांना किती?"

मास्तरांना डॉक्टरांकडे बघवेना. विठूकडे तर मुळीच नाही.