मऊच राहणारा गड्डा

"मॅडम, अजून घट्ट झाला न्हाय," म्हणत सुनीतानं अंगठ्यानं गड्डा दाबून दाखवला.

मी ईट गावात तिच्या शेडनेटमध्ये उभी होते. बटरहेड लेट्युस ही कोबीसारखा गड्डा धरणारी, पण मऊ पानांची भाजी. कच्चीच खातात. आमची कंपनी ती शेतकऱ्यांकडून करून घेते आणि पुण्याच्या हॉटेलांना देते. मी फील्ड ऑफिसर. माल न्यायला गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती.

निम्म्याहून जास्त गड्डे मधून वर उठले होते. पान तोडलं, पांढरा चीक आला. चाखलं, कडू. याला बोल्टिंग म्हणतात. काढायला उशीर झाला की रोप फुलावर जातं. असा माल हॉटेल घेत नाही.

सुनीता कोबी पिकवणाऱ्या घरातली. अंगठा आत जाईना की कोबी काढायची, हे तिला लहानपणापासून ठाऊक. बटरहेड तसा कधीच होत नाही. ती आठ दिवस थांबली होती.

तेवढ्यात तिचे सासरे तात्या आले. हे दहा गुंठे त्यांनी सुनेला एकाच हंगामासाठी दिले होते. जमलं नाही तर तिथं कांदा.

"म्या म्हणलं व्हतं, हिला जमायचं न्हाय," ते मला म्हणाले.

मी दिलेली कामांची यादी तिनं प्लास्टिकमध्ये घालून खांबाला बांधली होती. नववी ओळ माझ्याच अक्षरात: 'गड्डा भरल्यावर काढणी.' कोबीच्या यादीतून उतरवलेली. इथं लावणीपासूनचे दिवस लिहायला हवे होते.

"तात्या, चूक माझी. तिनं लिहिलं तसंच केलं."

"शिकलेल्या माणसाची बी चूक व्हती व्हय?"

"लई वेळा."

दुसऱ्या दिवशी गाडीनं निम्म्याहून कमी माल नेला. साहेबांनी फोनवर रिपोर्ट मागितला. राहिलेल्यातली थोडी पानं सुनीतानं लसूण आणि मूगडाळ घालून शिजवली, कडूपणा बराच उतरला. बाकी शेळ्यांना. तात्यांनी भाजी दोनदा वाढून घेतली.

हात धुताना ते सुनेला म्हणाले, "पाच गुंठं कर. पाचात कांदा."

मी त्या रात्री सगळ्या याद्या पुन्हा लिहिल्या. आता कागद देण्याआधी समोरच्याला विचारते, आधी कोणतं पीक घेत होता? उत्तर ऐकेपर्यंत पेन उघडत नाही. वेळ जातो, पण पीक वाया जाण्यापेक्षा कमी.